मागे घ्यायचं बटण

१४ डिसेंबर २००३
शैलाने तिच्या क्लासमधला जुना कॉम्प्युटर घरी आणला. त्यात ‘गो’ नावाचा जपानी खेळ. फुकट. म्हटलं, फुकट ते काय कामाचं? तर म्हणाली, बाबा, याला मालकच नाही, जगभरच्या लोकांनी मिळून बनवलाय, कुणीही घ्यावा, कुणालाही द्यावा. मालक नाही! ऊर भरून आला. ब्याऐंशीच्या गिरणी संपात आम्ही दुसरं काय मागत होतो?

१५ डिसेंबर
पटावर एकोणीस रेघा उभ्या, एकोणीस आडव्या. छेदतात तिथे सोंगटी ठेवायची. समोरच्याची चारी बाजूंनी कोंडली की मेली. अरे, हे तर कापडच! गिरणीच्या साचेखात्यात, मागावर सोळा वर्षं काढलीत मी. जपान्यांना शिकायला वेळ लागत असेल.
हरलो. कॉम्प्युटर गरम झाला होता.

१९ डिसेंबर
‘मागे घे’ असं बटण सापडलं. दाबलं की चुकलेली चाल गायब. साच्यावर चुकलेला धागा उसवतोच की आपण. बावीसदा उसवून जिंकलो. स्वच्छ विजय.

२ जानेवारी २००४
ओळीने अकरा विजय. कॉम्प्युटरमधला गडी रुसत नाही, कुरकुरत नाही, फुटत नाही. गंगाधरसारखा नाही.
गंगाधर म्हणजे आमच्या चाळीतला बारा नंबरच्या खोलीवाला, माझा कॅरमचा जोडीदार. त्र्याऐंशीत, संप चालू असताना, गुपचूप कामावर गेला. आठव्या दिवशी माझ्या दारात. नाना, चुकलो रे, पोरगी तापाने फणफणलेली, म्हणाला. मी दार लावलं. तेव्हापासून एक शब्द नाही. आठवणही येत नाही त्याची. उगाच लिहिलं.

११ जानेवारी
सव्वीस जानेवारीच्या सत्यनारायणाला चाळीच्या स्पर्धा. सेक्रेटरी रमाकांतच्या मागे लागून त्यात ‘गो’ घातला. दुसऱ्या कुणाला येतच नाही, म्हणजे पहिल्या नंबरची ढाल आपली. बायकोला, बकुळाला, शोकेस पुसायला सांगितलं. म्हणाली, आधी आंघोळ करा.

२० जानेवारी
दुसरं नाव आलं. गंगाधर!! शैलाने महिन्यापूर्वीच त्याला घरच्या कॉम्प्युटरसाठी खेळाची सीडी करून दिली होती. पोटची पोर! विचारलं तर म्हणते, बाबा, कुणालाही द्यावा असाच आहे ना तो? आणि हा प्रोग्रॅम तरी काय, सकाळी माझ्याशी खेळतो, संध्याकाळी बारा नंबरात. असल्याला लालबागमध्ये फितूर म्हणतात.
निश्चय: खेळेन, पण बोलणार नाही.

२६ जानेवारी, सायंकाळ
गॅलरीत खडूने आखलेला पट. माझे चिंचोके, त्याचे पांढरे वाल. सगळी चाळ जमलेली. सुरुवात झकास. मग एक चिंचोका भलतीकडे पडला, माझा अख्खा कोपरा कोंडला जायची वेळ आली. आणि सवयीने तोंडातून गेलं, थांब रे गंग्या, मागे घेतो.
एकवीस वर्षांनी पहिला शब्द, तो हा.
गंगाधरने एक वाल बोटांत उचलला. मग हळू म्हणाला, मागे नाही घेता येत नाना, तूच शिकवलंस, तुझ्या दारात. आणि वाल ठेवला. जिंकलेली ढाल न घेताच गेला.

२७ जानेवारी
कॉम्प्युटर लावला. चुकलो. बटण दाबलं. चाल निमूट मागे. कधी एकदा तरी नाही म्हणायचं होतंस, मेल्या! महिनाभर गोड बोलून बुडवलंस. वायर काढून टाकली.
त्याचे वाल माझ्याकडे राहिलेत. नुसते ते द्यायला बारा नंबरपर्यंत गेलो होतो.
दार लावलेलं होतं.