वादीतल्या खांबाची उंची

अब्बा, तुमचा वादीतला खांब सापडला. हफ्र अल बातिनपासून गाडीने तासभर, त्या कोरड्या नदीच्या पात्रात, तुम्ही गाडला होता तिथेच. सिमेंटच्या कडा झिजल्यात, वरची पितळी टोपी हिरवी पडलीय, पण बोट फिरवलं की नंबर वाचता येतो. तुम्ही जाऊन वीस वर्षं झाली, तुमच्या हातचं काही दिसलं म्हणून आनंद व्हायला हवा होता. तो झाला नाही. कारण खांबाच्या शेजारी आता कामगारांचा कॅम्प उभा राहतोय, आणि खोल्यांची जोती किती उंच धरायची हे त्या खांबावरूनच ठरलंय.

सौदीच्या या उत्तर भागात, हाइलपासून इकडे हफ्रपर्यंत, तेव्हा नकाशावर नुसता पांढरा कागद होता. तुमच्या आधीची माणसं उंटांवर दुर्बिणी लादून गेली, त्यांनी ओळी आखल्या. तुम्ही जीपने त्यांच्या मागून गेलात आणि ठरावीक अंतरावर एकेक खांब गाडून त्याची समुद्रापासूनची उंची वहीत लिहीत राहिलात. खाडीकाठचा माणूस, दारातला समुद्र सोडून वाळवंटात समुद्र शोधतोय, असं आई चिडवायची. मला तुम्हीच व्हिसा काढून आणलंत आणि पहिल्याच आठवड्यात माझा खोडरबर वाळूत भिरकावलात. मी एक आकडा खोडून परत लिहिला होता. "चुकलास तर काट मार आणि वर लिही," म्हणालात. "खोडलंस तर मागून येणाऱ्याला कळणार नाही तू कुठे चुकलास." मी तोंड पाडून बसलो. मग तुम्हीच स्टोव्हवर सुकटीची चटणी केलीत, माझ्या ताटात जास्त वाढलीत आणि स्वतःची पेन्सिल मला देऊन टाकलीत. तुमचा राग जेवणाच्या आत संपायचा.

तुमचा दुसरा नियम याहून कडक. जाताना दुर्बिणीतून लांबच्या उभ्या पट्टीवरचा आकडा एकाने वाचायचा, आणि तेच अंतर उलट मोजत परतताना दुसऱ्याने. म्हणजे एकाची चूक दुसऱ्याला सापडते. वादीतल्या खांबाच्या दिवशी तुम्हाला ताप आहे. तुम्ही तंबूत पडून आहात, चादरीतून हात बाहेर काढून सांगताय, आज दोन्ही वेळा तूच बघ, पण परतताना घाई करू नको. मी हो म्हणतो. जाताना सगळं मोजतो. परतीला ऊन डोक्यावर आलंय, पट्टी धरणारा पठाण कंटाळलाय, आणि मी तर स्वतःला फारच शहाणा समजतोय. जीपच्या सावलीत बसून मी परतीचे आकडे मनानेच भरतो, खरे वाटावेत म्हणून मुद्दाम दोन-तीन मिलिमीटरचा फरक ठेवून. संध्याकाळी तुम्ही वही पाहिलीत, बेस मोजलंस म्हणालात आणि खाली सही केलीत. वाळवंटातच वाढलेल्या आपल्या बदू वाटाड्याने मात्र वादीत तंबू कधीच लावू दिला नाही. वर खडकावर लावा म्हणायचा. का, विचारलं तर नुसती कमरेच्या वर हाताने खूण करायचा. पायाखालची भेगाळलेली माती बघून मला हसू यायचं.

गेल्या महिन्यात उपग्रहाच्या यंत्राने मी तो खांब मोजला. तुमच्या वहीपेक्षा एक मीटर खाली. बरोबर एक मीटर, अब्बा. उंच-सखल काही भलतंच आलं असतं तर यंत्राला शिव्या घातल्या असत्या. पण नेमका एक मीटर म्हणजे पट्टीवरचा दोन-चाळीस कुणीतरी एक-चाळीस वाचलाय, आणि तो कुणीतरी मी. परतीला खरंच मोजत आलो असतो तर दुपारीच सापडलं असतं. नकाशातल्या पुराच्या पातळीपेक्षा अर्धा मीटर उंच धरलेलं जोतं प्रत्यक्षात अर्धा मीटर खाली आहे. आमचा मॅनेजर हैदराबादी, तुमच्या हाताखाली शिकलेला. त्याला आकडे दाखवले तर तो हसला. "मशीन ग़लत होगी. तेरे वालिद ग़लत नहीं हो सकते." तोवर पहिल्या रांगेत माणसं राहायलाही आली. वेल्डर, सुतार, त्यात आपल्या दापोली-गुहागरकडचे काहीजण. दोऱ्या बांधून कपडे वाळत घालतात, मला बघितलं की चाचा, चहा घेऊन जा म्हणतात. मी घाईत आहे सांगून पुढे जातो.

तुमचं नाव इतकं स्वच्छ की त्यापुढे यंत्राचं कुणी ऐकेना. माझं नाव घेतलं असतं तर तिथेच विषय संपला असता. मी नाही घेतलं. मंगळवारी परत गेलो आणि सांगितलं की त्या वर्षी अब्बांना नीट दिसत नव्हतं, मोतीबिंदू होता, कामावरून काढतील म्हणून लपवत होते. जीभ कशी वळली देव जाणे. मॅनेजरने चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्याचे डोळे भरून आले होते, तेही मी निर्लज्जासारखा बघत बसलो. मग म्हणाला, तसं असेल तर एका खांबाने भागणार नाही, त्यांचे सगळेच तपासावे लागतील, पार हाइलपर्यंतचे. त्याला दोन महिने लागतील, आणि नक्की काय ते कळेपर्यंत कॅम्प आहे तिथेच. म्हणजे तुमचं नावही घालवलं आणि माणसंही हलली नाहीत.

आज सकाळपासून पश्चिमेला आभाळ काळं आहे. फोनवर पावसाचा इशारा दोनदा आला. वादी अजून कोरडी ठणठणीत, पण वरच्या अंगाला कुठे पडून गेला असेल ते इथे दिसत नाही. कॅम्पमधली मंडळी ढग बघून खूश आहेत, कांदे चिरून भज्यांची तयारी चाललीय. मला ऑफिसात जाऊन मॅनेजरला एवढंच सांगायचंय की वही मी भरली, परतीचे आकडे खोटे, चूक या एकाच, ओळीबाहेरच्या खांबात आहे, बाकीचे आम्ही दोघांनी मोजलेत, माणसं आत्ताच्या आत्ता हलवा. तेवढ्याने हलवतील. माझी नोकरी जाईल, इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, जाईल, खलास, घरी जाईन. त्याचं एवढं काही नाही. पण इतकी वर्षं या उत्तरेत मी तुमचा मुलगा म्हणून मिरवलो, तुमच्या सहीवर माझी पत उभी राहिली, ते सोडवत नाही.

ऑफिसचं दार वीस पावलांवर आहे आणि मी गाडीत बसून, न जाणारं पत्र लिहितोय. तुमच्या डोळ्यांना काहीही झालं नव्हतं, अब्बा. हे तुम्हाला सांगून झालं. मॅनेजरला अजून सांगितलेलं नाही.