तीसपैकी तीस

शहादा,
बुधवार, दुपार

प्रिय जिया,

दादीचे आशीर्वाद. आधी सगळ्यांची खुशाली कळव. तुझ्या पप्पांचं पित्त कसं आहे? रिकाम्या पोटी चहा घेतला की ते उसळणारच, शाळेत असल्यापासून श्रेणिकची तीच गत आहे. तुझ्या मम्मीची, शिखाची मान अजून अवघडते का? ऑफिसातून आल्यावर ओव्याच्या पुरचुंडीने शेकायला सांग तिला, आणि तू शेकून दे, स्वतःचा हात स्वतःच्या मानेला नीट पोचत नाही. आणि तुझं काय? पप्पा म्हणत होते, जिया हल्ली खोलीचं दार लावून बसते, नीट जेवत नाही. डोळ्यांचा नंबर वाढला का गं? इकडे माझे गुडघे सोडले तर सगळं ठीक, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते.

फोन असताना दादीने पत्र का लिहिलं, असं तुला वाटेल. फोनवर तुझे पप्पा स्पीकर लावतात आणि मग मी सगळ्यांशी बोलते, म्हणजे कुणाशीच बोलत नाही. शिवाय बोलता बोलता धागा सुटला की समोरचा थांबतो. कागद थांबतो, पण वाईट वाटून घेत नाही. घरात मारवाडी, गल्लीत अहिराणी आणि लिहायला मराठी, असं माझं त्रांगडं. मराठी मी श्रेणिकच्याच शाळेच्या पुस्तकांतून शिकले. तो पाठ म्हणायचा आणि मी पोळ्या लाटता लाटता ओळीवर नजर ठेवायची. तेव्हा चुका पोटात घाल.

दिवाळीत तू स्वयंपाकघरात माझ्याजवळ बसून सांगितलंस ते माझ्या मनातून गेलेलं नाही. त्या अतिहुशार लोकांच्या मंडळाने तुला सभासद करून घेतलं म्हणून पप्पांनी इथे गल्लीभर पेढे वाटायला लावले होते. आणि तू म्हणालीस, दादी, त्यांच्या मीटिंगला गेले तर सगळे एकमेकांना कोडी घालत होते, कुणी साधं जेवलीस का असंसुद्धा विचारलं नाही. मग हळूच विचारलंस, मी खरंच हुशार आहे, की मला नुसती परीक्षा देता येते? मी तुझ्या पुढ्यात शंकरपाळे ठेवले आणि विषय बदलला. तो प्रश्न मलाच बोचला होता, म्हणून. आज सांगते.

आपल्या घरातली स्टीलची भांडी तू पाहिलीस ना, डबे, पातेली, दोन कुकर? यातलं निम्मं मी चातुर्मासातल्या प्रश्नमंचात जिंकलेलं. साध्वीजी पर्युषणाच्या आधी प्रश्नसंच वाटतात, आणि त्यातलेच प्रश्न येतात. मी तो संच देवळीत ठेवून, दळण निवडताना, केस विंचरताना घोकायची. कुठल्या तीर्थंकरांचं चिन्ह काय, पापस्थानं कोणती, कुणीही विचारावं. तुझे दादाजी हसायचे. म्हणायचे, हीरा, तुला उत्तरं सगळी येतात, प्रश्न एकही पडत नाही. एका वर्षी अंतिम फेरीत क्रोधाचे प्रकार विचारले होते. कापड दुकानवाल्यांच्या दोघी जावांनी ते घडाघडा सांगितले, आणि पहिलं बक्षीस कुणाचं यावरून आपल्या जैन स्थानकातच अशा जुंपल्या की साध्वीजींना उठून आत जावं लागलं. आम्ही घरी येईपर्यंत हसत होतो. दादाजी गेल्यानंतरही मी दरवर्षी बसत राहिले. नंबर आला की चार जण घरी येतात, म्हणून.

या चातुर्मासात स्थानकात वयस्कर माणसांसाठी स्मरणशक्ती तपासणीचं शिबिर ठेवलं होतं. बाहेरगावचे डॉक्टर आले होते. सगळ्या गल्लीला खुलं होतं. पहिल्या दिवशी आपली शेजारीण शांतीबाई गेली. तू ओळखतेस तिला, तुला उचलून पेरूच्या झाडाला हात लावू द्यायची ती. रोज दुपारी ती माझ्या ओट्यावर यायची. परत आली ती हसतच. म्हणाली, माय, मन्हा हातमा कधी कोन्ही पेन्सिल दिधी नही, नि डॉक्टर म्हणे घड्याळ काढ. तिला बावीस गुण मिळाले होते. म्हणे, मन्हा आठ गुण डॉक्टरकडेच ऱ्हाई ग्यात.

आणि मी काय केलं असेल? दुसऱ्या दिवशी माझी पाळी होती. मी तिला समोर बसवून सगळे प्रश्न काढून घेतले. घड्याळात किती वाजलेले दाखवायचे, कुठले प्राणी ओळखायचे, शंभरातून सात सात वजा करत कसं उतरायचं, कुठले पाच शब्द सांगून नंतर परत विचारतात. रात्रीतून पाठ केलं. यात काही लबाडी आहे असं माझ्या मनातही आलं नाही गं. परीक्षा म्हणजे आधी प्रश्न मिळवायचे आणि तयारीने जायचं, हेच मला ठाऊक. तीसपैकी तीस मिळाले. डॉक्टरांनी माईकवरून नाव घेतलं, टाळ्या झाल्या, मला एक शाल मिळाली. पप्पांनी तो कागद तुमच्या घरच्या ग्रुपवर टाकला, तूही त्यावर फुलं पाठवली होतीस.

शांतीबाईच्या कागदावर लिहिलं होतं, घरच्यांना घेऊन भेटा. तिचा मुलगा गोकुळ नवापूरला नोकरीला आहे. तो घाबरला आणि तिला घेऊनच गेला. जिया, त्या बाईला गल्लीतल्या प्रत्येक पोराचा जन्म कुठल्या पावसात झाला ते सांगता येतं. परवा तिने फोन केला होता. म्हणाली, पोऱ्या माले ओट्यावर बी एकली बसू देत नही, मी काय येडी शे का? मी हसण्यावारी नेलं. फोन ठेवल्यावर तिच्या बंद दाराकडे पाहत बसले. चातुर्मास संपला, साध्वीजी विहार करून पुढच्या गावी गेल्या, स्थानकाला दुपारी कुलूप असतं. बोलायला भिंती आहेत, त्याही ऐकून कंटाळल्या असतील.

आता जे लिहायचं आहे ते लिहिते. शिबिराच्या आधीची गोष्ट. लग्न होऊन या घरात आल्यापासून सूर्य मावळल्यावर माझ्या तोंडात कण गेलेला नव्हता, तापात नाही, बाळंतपणात नाही. एका संध्याकाळी शांतीबाई दही मागायला आली आणि दारातच थबकली. माय, दिवा लागी ग्यात नि तू आते जेवी ऱ्हायनी? मी पाहिलं तर मांडीवर खिचडीचं ताट होतं, अर्धं संपलेलं. बाहेर अंधार. आणि तिने मोरीतल्या खरकट्या ताटाकडे बोट दाखवलं तेव्हा कळलं की ऊन असतानाच माझं एकदा जेवणही झालं होतं. व्रत मोडल्याचं दुःख नंतर झालं. आधी भीती वाटली. मग दिवाळीनंतर एकदा स्थानकातून घरी येताना भलत्याच गल्लीत वळले आणि एका ओट्यावर जाऊन उभी राहिले. त्या लोकांना वाटलं मी भेटायला आले. त्यांनी चहा पाजला, मी प्यायले, ख्यालीखुशाली विचारली, आणि निघताना त्यांच्या सुनेला म्हटलं, चल थोडं पोचवायला. ते कोण होते, मला आजही आठवत नाही. ते पाच शब्द मात्र अजून पाठ आहेत. कंदील, पेरू, नदी, चादर, शाळा.

श्रेणिकला मी दोनदा सांगून पाहिलं. तो म्हणाला, बाई, नाटकं करू नकोस, तुला तीसपैकी तीस आहेत, माझेच सव्वीस येतील. आणि हसला. प्रेमानेच हसला तो. पण त्या कागदाने माझं तोंड बंद केलं आहे, बेटा. तिकडे शांतीबाईला कुणी शहाणी मानत नाही आणि इकडे मला कुणी आजारी मानत नाही. पप्पांचा कागदावर विश्वास आहे, आणि हुशारीचा मोठा कागद या घरात आता तुझ्याकडे आहे. त्याचा एवढा तरी उपयोग होऊ दे. तू सांगितलंस की दादीने प्रश्न पाठ केले होते, तर तो ऐकेल, आणि गोकुळलाही फोन करेल. मला तुमच्याकडे पुण्याला न्यायचं की इथेच ठेवायचं ते तुम्ही मग ठरवा, मी अडून बसणार नाही. आधी एका माणसाने माझं खरं मानावं, एवढंच हवं आहे, आणि ते तुझ्याखेरीज कुणाला सांगावं सुचलं नाही. पत्राचं उत्तर पत्रानेच दे, म्हणजे पुन्हा पुन्हा वाचता येईल. वर तुझं नाव लिही, तू कोण, कुणाची मुलगी, तेही लिही. आणि लवकर लिही गं.

तुझीच,
दादी