थुंकण्याची अट

८ जानेवारी

ती. मावशीस,
भोवऱ्याचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. तुला वाइन शिकायचीय हे वाचून मी खुर्चीवरून पडलो असतो, पण आमच्या खोलीत खुर्ची नाही.

तू लिहितेस की घड्याळवाल्यांच्या दोन्ही मुली तुला पारखायला जेवायला बोलावताहेत, तेही पांढऱ्या टेबलक्लॉथच्या हॉटेलात. त्यांच्याकडे जेवणाबरोबर वाइन घेतात आणि थोरलीने आधीच कळवून ठेवलंय की वाइन तुम्हीच निवडा. ही थोरली मला न बघताच आवडेनाशी झाली आहे. पण पन्नाशी उलटल्यावर तुला हे घड्याळवाले पसंत पडलेत, ही काही साधी गोष्ट नाही. लाँड्रीच्या काउंटरवर बसून बसून तुला माणसं कॉलरीच्या आतल्या बाजूने ओळखायची सवय, आणि यांची कॉलर आतूनही स्वच्छ. तू नाकारलेली स्थळं घरात सगळ्यांना पाठ आहेत. एकाचा चहा ओढण्याचा आवाज, एकाच्या करंगळीचं नख, आणि तो एक, जो नाक शिंकरल्यावर रुमाल उघडून आत बघायचा. त्याच्यामुळे तर माझीही जेवणावरची वासना उडाली होती.

तर माझी सध्याची नोकरी. बोटींना रंग लावायची सुटली, ते सावकाश सांगेन. आता मी नवशिक्यांना वाइन चाखायला शिकवतात तिथे आहे. लोक लांब टेबलाला बसतात, सर शिकवतात आणि मी बादल्या उचलतो. चाखलेलं सगळं गिळलं तर तिसऱ्या ग्लासालाच माणूस टेबलाखाली जाईल, म्हणून तोंडात घोळवून थुंकायचं असतं. त्यासाठी प्रत्येकाशेजारी एक चकचकीत स्टीलची बादली. संध्याकाळी मी त्या एकात एक ओततो. लाल, पिवळं, गुलाबी, वर फेस आणि मध्ये तरंगणारा बिस्किटांचा लगदा. परवा एकीत कवळीचा तुकडा निघाला. त्याचा मालक दुसऱ्या दिवशी आला, बाहीला पुसून तिथेच तोंडात बसवला आणि माझे आभार मानले. मी अजून नीट जेवत नाही.

शिकायचं ते एवढंच. ग्लास दांडीला धरायचा, पोटाला नाही. पांढऱ्या कापडावर तिरका धरून रंग बघायचा. हलका गोल फिरवायचा, नाक आत घालायचं. मग छोटा घोट, तोंडभर फिरवायचा, ओठ किंचित उघडून सुर्र करून हवा ओढायची आणि थुंकायचं. एक बाटली आणून सराव कर.

तुझ्या मायेवर जगणारा,
भोवरा

१७ जानेवारी

चि. भोवऱ्यास,
अनेक आशीर्वाद.

कवळीचा किस्सा कळवलास, फार उपकार झाले. दोन दिवस मी पेल्यातून पाणी प्यायले नाही, वरून ओतून घेतलं.

सराव केला. दुकान बंद करून मागच्या बेसिनपाशी उभी राहिले, जिथे आम्ही डाग काढतो. लाल वाइनचे डाग मी वर्षानुवर्षं काढतेय, पण ती आतून अशी लागते हे माहीत नव्हतं. जीभ कुणी जुन्या फडक्याने पुसून कोरडी ठेवावी तशी. इस्त्रीवाली बाई बघायला आली. तिने एक घोट घेतला आणि म्हणाली की सासूने उकळत विसरलेला चहा असाच लागायचा. पांढरी जरा बरी. ती प्यायल्यावर गालांच्या आत पाणी सुटतं. थुंकणं मला छान जमतं, सरळ धार जाते. यात कौतुक करण्यासारखं काही आहे का, माहीत नाही.

आता खरं सांगते. वाइनची मला भीती नाही. भीती माझ्या चेहऱ्याची आहे. किळस आली की ती माझ्या तोंडावर उमटते, लपवता येत नाही, आणि समोरचा माणूस पुन्हा येत नाही. मला या माणसाबरोबर एका घरात राहायचंय रे. त्याचा टॉवेल माझ्या टॉवेलाशेजारी, त्याच्या दाढीचे केस बेसिनमध्ये. ते मला सोसेल का, हे मला कळत नाही, आणि त्याला विचारताही येत नाही. तेव्हा निदान त्या टेबलावर तरी माझं हसं होऊ देऊ नकोस. निवडायची कशी आणि वेटर काय करतो, हे सविस्तर लिही. फाटे फोडू नकोस.

वेळेवर जेव, म्हणजे मला तुझी माया पोचली असं समजेन.
मावशी

२४ जानेवारी

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

फाटे फोडणार नाही.

निवडताना नावावर जाऊ नको आणि बाटलीच्या वजनावर तर मुळीच नाही. आमच्याकडे सगळ्यात जड बाटलीतली सगळ्यात वाईट निघाली. सर तिला ‘गंभीर’ म्हणतात. जेवण हलकं असेल तर हलकी, मसालेदार आणि जड असेल तर भरदार, एवढं पुरे. तुला लाल आवडली नाही ना, मग वेटरला सरळ सांग की हलकी, कोरडी, म्हणजे गोड नसलेली, पांढरी हवी. विचारण्यात कमीपणा नाही. न विचारणाऱ्यांच्या बादल्या मी रोज बघतो.

वेटर बूच काढेल आणि तुझ्या ग्लासात थोडीशीच ओतेल. ती तुला आवडली का, हे तो विचारत नसतो. नासली नाही ना, एवढंच बघायचं असतं. नासलेलीला भिजलेल्या पुठ्ठ्याचा किंवा ओल्या पायपुसण्याचा वास येतो. तसा नसेल तर मान हलवायची, की झालं. आमचे सर मात्र दर वेळी डोळे मिटून मागे टेकतात. त्यांच्या नाकातले केस तेव्हा वाइनला शिवतात. मी ते बघायचं सोडून दिलंय.

आता सगळ्यात महत्त्वाचं. थुंकण्याला एक अट आहे, ती नीट ध्यानात ठेव. पण त्याआधी आमच्या मोरीचं सांगतो, नाहीतर राहून जाईल. खोलीत आम्ही चौघे, आणि मोरी आठवडाभर तुंबलेली. बेकरीत काम करणारा म्हणायचा की केस अडकलेत. वायरमन म्हणायचा भात. शेवटी मी हात घातला. मावशी, आत एक मोजा होता. तो कुणाचाच नाही, असं चौघांचंही म्हणणं आहे. तो जिवंत असावा इतका बुळबुळीत होता. त्या दिवसापासून मी त्या घरात अनवाणी चालत नाही आणि दुसरी खोली शोधतोय, जमलं तर दुसरं गावही. बादल्या, मोजा, सरांचं नाक, सगळ्याचा वीट आलाय.

पोस्टमन आलाय, संपवतो. जेवणाला घाबरू नको.

आठवण काढत जा, शिव्या देऊन काढलीस तरी चालेल.
भोवरा

५ फेब्रुवारी

चि. भोवऱ्यास,
आशीर्वाद देते, पण दात आवळून.

तू अट सांगतो म्हणालास आणि मोरीत हात घालून बसलास. ती अट काय होती ते मला आता कळलंय. जेवताना थुंकायचं नसतं.

सुरुवात तुझ्या कृपेने चांगली झाली. मी वेटरला हलकी, कोरडी, पांढरी सांगितली. त्याने थोडी ओतली, मी वास घेतला, मान हलवली. थोरलीच्या भुवया वर गेल्या, त्या कौतुकाने गेल्या असं मी धरून चालले. मग वेटरने एक चकचकीत स्टीलची बादली आणून माझ्या कोपराशी ठेवली आणि बाटली तिच्यात उभी केली. तू लिहिलं होतंस की प्रत्येकाशेजारी एक असते. इथे चौघांत एकच दिसली, मला वाटलं पाहुणी म्हणून पहिला मान माझा. आत बर्फ होता. म्हटलं, वास मारायला टाकला असेल, चांगलं हॉटेल दिसतंय.

मी घोट घेतला, घोळवला, सुर्र केलं, वाकले आणि थुंकले. नेम चुकला नाही. बाटलीच्या मानेवरून ओघळ सावकाश खाली गेला, आणि टेबलावरचे सगळे त्याच्याबरोबर खाली बघत गेले.

धाकटीने तोंडात नॅपकिन कोंबला. थोरलीने वडिलांना हळूच, म्हणजे मला ऐकू येईल इतक्या हळूच, विचारलं की या रोज असं करतात का. ही दातांची डॉक्टर. दिवसभर लोक हिच्या शेजारी बसून थुंकतात. पण हे मला घरी आल्यावर सुचलं. तेव्हा मला फक्त माझी शिसारी आली. जन्मभर दुसऱ्यांकडे बघून मुरडलेलं नाक माझ्याकडेच वळलं. पर्स उचलून निघावं म्हणून मी खुर्ची सरकवली.

घड्याळवाले बंद पडलेल्या घड्याळाकडे बघतात तसे त्या बादलीकडे बघत होते. मग त्यांनी आपला ग्लास उचलला, माझ्यासारखाच घोट घोळवला, सुर्र केलं, माझ्यावरून वाकले आणि थुंकले. त्यांना थुंकता येत नाही रे. थोडं बर्फावर पडलं, थोडं कोटावर, आणि हनुवटीवरून एक लांब तार लोंबत राहिली. तसेच वाकलेले राहून त्यांनी मला विचारलं की हवा आणखी ओढायला हवी होती का.

थोरली उठून बाहेर गेली. वेटरने मेलेला उंदीर न्यावा तशी ती बाटली गार ठेवायची बादली नेली. आणि मी त्या तारेकडे बघत होते. असलं काही दिसलं की मी उठून जाते, हे तुला माहीत आहे. मी पर्समधून रुमाल काढला, ती तार पुसली, कोटही पुसला आणि त्यांना सांगितलं की हवा पुरेशी होती, ओठ जरा आवळायला हवे होते. माझा चेहरा कसा होता, हे मला माहीत नाही. त्यांनी बघितला, आणि ते बसून राहिले.

थोरली अजून बोलत नाही. तिच्याकडे मी स्वतः जाणार आहे, तिच्या दवाखान्यात, दात दाखवायच्या निमित्ताने. तिथे तिला मला ‘थुंका’ म्हणावंच लागेल. मार्चमध्ये लग्नाची नोंदणी करायची ठरलीय. दुसऱ्या गावाला पळणार असशील तर त्यानंतर पळ.

आणि एक. त्या दिवसाला आता आठवडा झाला. आज पर्स उघडली तर तो रुमाल तसाच आत होता. मी लाँड्रीत बसते, तरी तो धुवायचं मला सुचलं नाही. पुन्हा घडी घालून आत ठेवला.

तुझ्यावर रागावलेली आणि तुझीच,
मावशी