बंकरमधला राखणदार

मुनिरका, दिल्ली

प्रिय दत्ताकाका,

आपल्या गावच्या समुद्रकाठच्या, महायुद्धातल्या बंकरचा माहितीफलक इथल्या पुरातत्त्व खात्याच्या ऑफिसात मीच लिहिला. आज त्याच बंकरच्या जुन्या फोटोत तोफगोळे रांगेत उभे दिसले आणि तो आकार ओळखीचा निघाला. कोपऱ्यातला आपला शेंदूर फासलेला राखणदार दगड नाही, काका. तो न फुटलेला तोफगोळा आहे. दरवर्षी तुम्ही त्याच्यावरच नारळ फोडता. उद्या फलकाच्या उद्घाटनालाही फोडणार, शाळेच्या पोरांसमोर.

मघाशी फोन केला, तर "देवाला बॉम्ब म्हणतेस?" म्हणून तुम्ही कट केलात. आता हे पत्रही पाठवत नाही, सरळ पोलिसांना कळवतेय. देव उचलायला लावला म्हणून तुम्ही मला शिव्या द्याल. द्या. फक्त त्या द्यायला परवा तुम्ही असायला हवेत.

तुमची भेदरलेली,
सुखदा