बादलीभर गांडुळं

शुक्रवार, श्रावण. गागोदे

आज सुभाषदादा, माझा चुलत भाऊ, रिकामी बादली घेऊन आला. गांडुळं मागायला. माझ्याकडे!

यानंच आमच्या सामाईक गवताच्या माळाचं मला न विचारता म्हशींचं कुरण केलं. दसऱ्यानंतर गवत कापल्याशिवाय तिथे गुरं सोडायची नाहीत, ही आजोबांपासूनची रीत. मी अडवलं तर चारचौघांत म्हणाला, "तुला काय कळतंय गो? तू तुझं शेण कालव."

भर पावसात म्हशींनी तुडवून तुडवून माती दगड झाली. आता पाणी मुरत नाही, गांडूळ औषधालाही उरलं नाही. म्हणे, माझ्या खतखड्ड्यातली नेऊन सोडणार. ती शेणाबाहेर जगत नाहीत, हे सांगावं का? ओठांवर आलंच होतं. तेवढ्यात म्हणाला, "शेण नको हां, गाडीत वास येतो. नुसती गांडुळं दे."

मग नाही सांगितलं. "पुन्हा लागली तर ये हां, दादा," एवढंच म्हणाले.

एकेक निवडून, शेण पुसून बादली भरली. बिचाऱ्या गांडुळांनी माझं काय घोडं मारलं होतं? तरी इतकं मन लावून काम मी कित्येक दिवसांत केलं नव्हतं.