होकार सतराव्या मिनिटाला

१२ एप्रिल, रविवार. दुपारी ३.४०
माझं आयुष्य बदललं ते या मिनिटाला. वेळ घड्याळात बघून लिहिली आहे.

व्हर्डेलमामाच्या गॅरेजमध्ये रंगाच्या डब्यांमागे एक खोकं सापडलं. त्यात टॅलो क्रीक बँडची १९७४ सालची रेकॉर्ड. लाइव्ह. दुसऱ्या बाजूला एकच गाणं, एकोणीस मिनिटांचं. पाचव्या मिनिटाला गायक गप्प होतो आणि तीन गिटारी बोलायला लागतात. एक विचारते, दुसरी उत्तर देते, तिसरी दोघींची समजूत काढते. बारा मिनिटं! मग गायक परत येतो आणि असा गातो, की जणू मधल्या वेळात त्याचं अख्खं आयुष्य होऊन गेलंय.

चार वेळा ऐकलं. डोळ्यांत पाणी आलं. गॅरेजमध्ये धूळही बरीच होती.

मी पस्तीस वर्षं उशिरा जन्मलो. चूक माझी नाही, पण दुरुस्त मलाच करावी लागणार.

मामा त्या उन्हाळ्यात या बँडची व्हॅन चालवायचा! घरात एवढा मोठा माणूस आणि मला पत्ता नाही. विचारलं, कसे होते ते दिवस? म्हणाला, "व्हॅनला पंखासुद्धा नव्हता रे." आणि भेंडी तळायला गेला. मोठी माणसं कमीच बोलतात.

१४ एप्रिल, मंगळवार
कॉलेज सोडलं. अकाउंटिंग. ज्या माणसाने ते गाणं ऐकलंय त्याला घसारा शिकवता येत नाही.

आई फोनवर एवढंच म्हणाली, "मग आता राहा मामाकडेच." म्हणजे संमती आहे.

लॉरेलला सांगितलं. लॉरेल हचिन्स. नववीपासून माझ्या मनात फक्त तीच आहे, आणि गेल्या हिवाळ्यापासून तिच्याही मनात मी आहे. ती कोंबडीखाद्याच्या दुकानात गल्ल्यावर बसते. ती म्हणाली, "अरे, तीन आठवडे थांबला असतास तर परीक्षा तरी झाली असती."

सत्तरच्या दशकात कुणी तीन आठवडे थांबत नव्हतं.

संकल्प: केस खांद्यापर्यंत. रोज सहा तास रियाज. लॉरेलशी लग्न, योग्य वेळी.

२ मे, शनिवार
बँड जमला. टायरच्या दुकानातला हॉलिस, त्याचा शेजारी क्लीट आणि मी. तिघेही गिटार. हुबेहूब रेकॉर्डसारखं! बेस कुणी वाजवायचा यावर थोडी चर्चा झाली. क्लीट म्हणाला, "बेस वाजवायला मी काय आजारी आहे?" हॉलिस म्हणाला, त्याची बोटं जन्मतःच लीड गिटारची आहेत. मी नेता असल्यामुळे माझा प्रश्नच नव्हता. शेवटी ठरलं, बेस आहे असं समजून वाजवायचं.

ड्रमवर मिस ओपल. वय एकाहत्तर. चर्चमध्ये दर रविवारी ड्रम वाजवतात आणि आम्हा तिघांना लहानपणी शाळेच्या बसमधून त्यांनीच नेलं-आणलं. आल्या आल्या म्हणाल्या, "आधी सगळे खाली बसा."

बसलो.

२९ मे, शुक्रवार
दुकानात गेलो होतो. लॉरेलला बर्मिंगहॅमच्या नर्सिंग कॉलेजात प्रवेश मिळाला. अठरा जुलैला निघणार. दोन खोल्यांची जागा बघितली आहे. पोत्यावर किंमत चिकटवता चिकटवता म्हणाली, "चल ना माझ्याबरोबर. तिथेही कॉलेज आहे. गिटारीही वाजतात म्हणे. दुसरी खोली तुझी. फक्त हो की नाही ते सांग."

छाती अशी धडधडली की मिस ओपलनाही तो ठेका धरता आला नसता. उत्तर 'हो'च होतं. पण 'हो' कुठे म्हणायचं? पिल्लांच्या खाद्याच्या पोत्यांमध्ये उभं राहून? टॅलो क्रीकवाल्यांनी म्हटलं असतं का?

मी म्हणालो, "उत्तर मिळेल."
"कधी?"
"गाण्यातून."
तिने दुसरं पोतं ओढलं. मग म्हणाली, "सरक जरा, मागे गिऱ्हाईक आहे."
परिणाम चांगला झाला असं वाटतं.

९ जून, मंगळवार
गाणं तयार! आधी रस्ता, मग नदी, मग बारा मिनिटं तीन गिटारी, आणि सतराव्या मिनिटाला होकार: खिडकी उघडी ठेव, लॉरेल, मी येतोय.

एक अडचण आली होती. त्या काळच्या सगळ्या गाण्यांत पुरुष निघून जातो आणि बाई दारात उभी राहते. इथे बाई निघाली आहे आणि पुरुष मामाकडे राहतो. मामाचं अख्खं खोकं ऐकलं, असं एकही गाणं नाही. म्हणून पहिल्या कडव्यात मी उगाचच निघून जातो आणि सतराव्या मिनिटाला परत येतो.

हॉलिस म्हणाला, "होकार पहिल्याच मिनिटाला टाक की. मग वाजवत बस दिवसभर."

एवढा अडाणीपणा सहन झाला नाही. वायर फेकून मारली. क्लीटला लागली. क्लीट दोन दिवस येणार नाही.

११ जून, गुरुवार
क्लीट आला. त्याची माफी मागितली नाही, पण त्याचा सोलो एक मिनिटाने वाढवून दिला.

२१ जून, रविवार
तालीम. गॅरेज म्हणजे भट्टी. चिलटं डोळ्यांत जातात. एका जागी उभं राहवत नाही, बसवत तर नाहीच. गाणं आज तेवीस मिनिटं झालं.

मिस ओपलनी घाम पुसत विचारलं, "बाळा, हे संपतं कुठे?"

मी सांगितलं, अशी गाणी संपत नाहीत, सूर्यासारखी मावळतात.

"मावळायची वेळ सूर्यालाही ठरवून दिलेली आहे," त्या म्हणाल्या.

मिस ओपलना त्या काळातलं काही कळत नाही. तेव्हा त्या नुसत्या तिशीत होत्या.

१ जुलै, बुधवार
लॉरेल उकडलेल्या शेंगा घेऊन आली. कागदाची पिशवी अजून गरम. दोघं गॅरेजच्या पायरीवर बसून सालं उडवत होतो. सत्तरच्या दशकात संध्याकाळी माणसं कशी बसत असतील, त्यावर मी बोललो. ती ऐकत होती. मग म्हणाली, "जागेच्या कागदावर दोन नावं लागतात. अठराला किल्ली घेताना लिहायची आहेत. तू नसशील तर माझी मैत्रीण मार्गो येते म्हणाली आहे. रॅन्स, मला गाणं नकोय. हो किंवा नाही हवंय."

मी नुसता हसलो. त्या हसण्यात सगळं होतं.

ती म्हणाली, "दाढ दुखतेय का?"

जाताना पायरीवरची सगळी सालं तिने गोळा करून नेली. गिटार उचललेलीच होती म्हणून मला उठता आलं नाही.

१२ जुलै, रविवार
देव आहे. गावच्या अग्निशमन दलाची मासे तळायची जत्रा अठरालाच! आम्हाला दीड वाजताची वेळ मिळाली. लॉरेल दोन वाजता वडिलांच्या ट्रकमधून निघणार, कारण बर्मिंगहॅमचं ऑफिस पाचला बंद होतं आणि किल्ली त्याआधी घ्यायची. म्हणजे दीड अधिक सतरा, एक सत्तेचाळीस. होकार देऊनही तेरा मिनिटं उरतात. मिठीला चार धरली तरी नऊ शिल्लक. कोण म्हणतं मी अकाउंटिंगमध्ये कच्चा होतो?

दलाच्या प्रमुखाने बजावलं, "प्रत्येकाला दहा मिनिटं, पोरा. कबूल?"

"हो," म्हणालो. ताबडतोब.

१७ जुलै, शुक्रवार
सकाळपासून गॅरेजमध्ये येरझाऱ्या. मामा म्हणतो, फरशी झिजेल. केस कानांपर्यंतच आलेत. हॉलिस म्हणतो, भिजलेल्या कोंबडीसारखा दिसतोस. चिडणार नाही. उद्या चिडायचं नाही, घाईही करायची नाही.

संकल्प: गिटारी फक्त बारा मिनिटं. क्लीटला डोळ्यांनी खूण केली की थांबायचं, असं शपथेवर ठरलंय.

तिला आज भेटून सांगून टाकावं असं दुपारी एकदा वाटलं. दुकानाच्या दारापर्यंत गेलोही. काचेतून दिसली. खाली बसून पोतं शिवत होती. परत आलो. एका दिवसासाठी एवढं गाणं वाया कोण घालवेल?

१८ जुलै, शनिवार. संध्याकाळ
जे झालं ते क्रमाने लिहितो, म्हणजे दोष कुणाचा ते कळेल.

दीडला मंचावर चढलो. उन्हाने तारा उतरल्या होत्या. सूर लावायला घेतले. हॉलिसने माझ्याशी लावला, मी क्लीटशी, क्लीटने स्वतःशीच. एक चाळीसला सुरू केलं. तरीही एक सत्तावन्न. तरीही तीन मिनिटं हातात.

लॉरेल लिंबूसरबताच्या टेबलाशी उभी होती. निळा फ्रॉक. हातात कागदी ताटली, तळलेला मासा तसाच. माझ्याकडे बघत होती. सगळी जत्रा बघत होती, पण ती माझ्याकडे.

रस्ता झाला. नदी झाली. पाचव्या मिनिटाला मी गप्प झालो.

हॉलिसने विचारलं. मी उत्तर दिलं. क्लीटने समजूत काढली. काढतच राहिला. डोळ्यांनी खूण केली. पण त्याची आई पहिल्या रांगेत बसली होती आणि तो तिच्याकडेच बघत होता. मग क्लीटला जागा दाखवणं भाग होतं, म्हणून मी पुन्हा उत्तर दिलं. त्यामुळे हॉलिसचा अपमान झाला. मागून मिस ओपल माझ्याकडे बघत होत्या. बसच्या आरशातून बघायच्या, तशा.

मी डोळे मिटले. खोटं नाही लिहीत, त्या क्षणी १९७४ होतं. मध्येच कुठेतरी भोंगा वाजला, दोनदा, मग एकदा लांब. तो सुरात होता. मला वाटलं, लोक रंगले.

डोळे उघडले तर लिंबूसरबताच्या टेबलाशी चर्चचे डीकन उभे. मासा खात होते. मागच्या भिंतीवर घड्याळ. दोन वाजून अकरा.

होकार मी तरीही गायलो. पूर्ण गळ्याने. खिडकी उघडी ठेव, मी येतोय.

डीकननी काटा वर करून "आमेन" म्हटलं.

नंतर मिस ओपलनी सांगितलं, ती दोन वाजून पाच मिनिटांपर्यंत थांबली होती. वडिलांनी तीनदा भोंगा वाजवला. ताटली तशीच टेबलावर ठेवून गेली.

१९ जुलै, रविवार
दोष: क्लीट. क्लीटची आई. ऊन. बर्मिंगहॅमचं ऑफिस शनिवारी पाचला बंद करतात, हेही काही बरोबर नाही.

बँड मोडला. मी मोडला. हॉलिस म्हणतो, कालच मोडला होता, तुला कळवायचं राहिलं.

दुपारी मामा गॅरेजमध्ये गळ साफ करत होता. मी रेकॉर्ड लावली. म्हटलं, ऐक मामा, हेही बारा मिनिटं वाजवतात, यांना कुणी सोडून गेलं का?

मामाने गळ खाली ठेवला. म्हणाला, "त्या दिवशी? अरे, त्या गायकाची बायको मुलांना घेऊन माहेरी निघाली होती. आठच्या आत फोन करतो म्हणून सांगितलेलं. पाच मिनिटं गायला आणि पळाला बाहेर, रस्त्यावरच्या फोनकडे. पोरांना सांगून गेला, मी येईपर्यंत वाजवत राहा. बिचारे वाजवत राहिले. माझ्याकडची चिल्लर नेऊन देत होतो मी त्याला."

मी विचारलं, मग?

"मग काय? थांबली ती. तो आला, गायला." गळ पुन्हा उचलून म्हणाला, "ते गिटारीचं तिला कधीच आवडलं नाही."

२० जुलै, सोमवार
मामाचं वय झालंय. त्याची आठवण भरवशाची नाही.

तरी रेकॉर्ड पुन्हा लावली. सतरावं मिनिट. कान अगदी स्पीकरला लावला. गायक परत येतो, पहिल्या शब्दाआधी एक श्वास घेतो, मग दुसरा. आजवर मला वाटायचं ते दुःख आहे.

तो धापा टाकतोय. पळत आलाय.

दिवसभर काही खाल्लं नाही. संध्याकाळी टोमॅटो सँडविच खाल्लं. दोन.

२३ जुलै, गुरुवार. सकाळी १०.१५
फोन केला. सहा वेळा वाजायच्या आत ठेवला. सातव्यांदा तिने उचलला.

काय बोलायचं ते रात्री लिहून काढलं होतं, चार पानं. ती म्हणाली, "बोल, रॅन्स." मी म्हणालो, "हो."

पानं तशीच राहिली.

तिच्या मागे कुणीतरी भांडी लावत होतं. ती म्हणाली, "मार्गोचं नाव लिहिलं रे. ती शनिवारीच आली." आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं, रागाला उत्तर देता येतं. पुढे म्हणाली, "मी तुला म्हटलं होतं ना, मला गाणं नकोय?" मी म्हणालो, म्हटलं होतंस. "छान वाजवलंस पण," ती म्हणाली. "जेवढं ऐकलं तेवढं." तिच्या वर्गाची वेळ झाली होती.

पूर्ण बोलणं एक मिनिट दहा सेकंद. त्यात माझं 'हो' म्हणजे एक सेकंदसुद्धा नाही.

आता बसवत नाहीये. रेकॉर्ड लावली आहे, सवयीने. गिटारी बोलत आहेत. एक विचारतेय, दुसरी उत्तर देतेय. नवा संकल्प सुचत नाही. बाहेर उन्हात मामा हाका मारतोय. बोट तळ्यावर न्यायची आहे, त्याचा ट्रक मागे घ्यायचाय, आणि मागे उभं राहून 'ये, ये, ये, बस' म्हणायला कुणीतरी हवंय. म्हणतो, "तू नुसतं 'बस' वेळेवर म्हण, बाकी मी बघतो."

नववं मिनिट चालू आहे. चालू दे. मी उठतो, बाहेर जातो आणि दार लावून घेतो.