व्याह्याचं घोडं

९ नोव्हेंबर, शनिवार. वारजे, पुणे

आले बाई एकदाची. दारव्ह्याहून बसून बसून पाय वाळकासारखे सुजले, पण नम्रतानं दारातच गळ्यात हात टाकले अन् शीण पळाला. नात कॉलेजात शिकते, डोक्यानं माझ्याहून उंच झाली. लेकीनं, भाग्यश्रीनं, मला वेगळी खोली दिलीय, खिडकीतून खाली गेट दिसतं, वर डोंगर. शाळा मी पाहिली नाही. अक्षरं शिकले किराण्याच्या पुड्यांवरून. तेव्हापासून चार ओळी लिहिल्याशिवाय डोळा लागत नाही.

मला बोलावलंय स्वयंपाकाला. जावईबापूंनी, म्हणजे अभिनवरावांनी, कंप्युटरची नोकरी सोडून नवा उद्योग काढलाय. खडकवासल्याच्या वर, नदीकाठच्या झाडीत शहरातल्या लोकांना घोड्यांवरून न्यायचं, तंबूत निजवायचं, चुलीवरची भाकरी खाऊ घालायची. पहिली सहल येत्या रविवारनंतरच्या रविवारी, म्हणजे सतरा तारखेला. बाकी घोडी भाड्याची, पण एक पांढरी विकतच घेतलीय, वरातीतली, शेवंती नावाची. मी हसून म्हटलं, घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं. नम्रताला म्हण ठाऊक नव्हती. सांगितलं, घरात आधीच ओढाताण, त्यात मुलीच्या सासरचं घोडं दारात. करा आता त्याचीही उस्तवार. "आजी, सो क्यूट," म्हणाली. बरं वाटलं.

११ नोव्हेंबर

जागा पाहून आलो. करंज, जांभूळ, उंबर, सगळी झाडं पाण्यावर वाकलेली. वारा पाठीशी राहील अशी चुलीची जागा मी धरून ठेवली. पिठलं, ठेचा, भाकरी. पावसाळी लाकूड नको, धूर होतो. घोडी काठावरच्या वस्तीत, वेशीलगतच्या हिराबाईच्या गोठ्यात असतात.

शेवंती मोठी गुणाची. वरातीच्या घोडीला एकच वाट माहीत: नवरदेवाला मारुतीच्या दर्शनाला न्यायचं अन् मांडवात परत आणायचं. मोकळी सोडली तर सरळ पाण्याशी जाऊन उभी राहिली. जावईबापूंनी ओढलं, हलेना. मग आपणच वळली अन् संथ, डुलत, मिरवत परतली. येतानाचे तिचे पाय जातानापेक्षा खोल रुतले होते. दमली असेल बिचारी. मी वेशीशीच तिच्या पायांवर पाणी घातलं, कुंकू लावलं, गूळ चारला. हिराबाई बघत होती. हातातला चहा तसाच ठेवून आत निघून गेली. असतात माणसं घुमी.

१३ नोव्हेंबर

आज तुळशीचं लग्न, अन् तुळशीसाठी आणलेल्या मुंडावळ्या सापडेनात. ऊस उभा केला, चिंचा-आवळे ठेवले, मुंडावळ्या नाहीत. नंतर कळलं. नम्रता सकाळीच बापाबरोबर नदीवर गेली होती. जाहिरातीसाठी तिला नऊवारी नेसवली, त्याच मुंडावळ्या कपाळाला बांधल्या, शेवंतीवर बसवून पाण्याकडे तोंड करून व्हिडिओ काढला.

माझ्या अंगाची लाही झाली. बिनलग्नाच्या पोरीच्या कपाळाला मुंडावळ्या बांधणं ही काय गंमत झाली? जावईबापू म्हणाले, तुळशीची हरकत नाही तर आपली कशाला. जावयाच्या घरी सासूनं तोंड उघडू नये अशी रीत आहे, म्हणून इथं लिहिते: गाढव आहे मेला.

मुंडावळ्या मिळाल्या. चिंब ओल्या. पोरगी पाण्यात उतरलीच नव्हती म्हणते.

१५ नोव्हेंबर

सरपण टाकायला गेलो तेव्हा हिराबाईला गाठलं. तिनं सांगितलं ते असं. तिथं जुना मारुती आहे, आता पाण्याखाली गेलेला. एक नवरदेव घोडीवरून दर्शनाला निघाला, नदीनं घोडीसकट नेला. तेव्हापासून त्या काठाला वरातीचं घोडं कुणी आणत नाही, नवरदेव पायीच काठापर्यंत जातात. "लगीन ऱ्हायलंय त्याचं," म्हणाली. "घोडीची वाट बघत हुता. परवा तुमीच येशीवर त्याचं पाय धुतलं, आजी. गूळबी दिला. मला वाटलं तुमाला ठावं हाय."

नवरदेवाला वेशीवर असंच तर घेतात. पाय धुवायचे, कुंकू लावायचं, तोंड गोड करायचं. अन् मी तेच करून बसले. मग संताप आला. भाडं घेताना जीभ होती, हे सांगायला नव्हती? तर म्हणाली, साहेबांना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. साहेब हसले. म्हणाले, झकास, ही गोष्ट शेकोटीला सांगू.

शेकोटीला! घरी येऊन हात जोडले, सहल रद्द करा. उत्तर मिळालं, "सासूबाई, आपण भाकरीचं बघा."

१६ नोव्हेंबर

नम्रता जेवत नाही. तळहात पिवळे झालेत. हळद कुणी लावली विचारलं की खाली बघून हसते. मुंडावळ्या मी शेगडीवर धरून जाळल्या.

दुपारी इंटरकॉम वाजला. वॉचमन रामदास. पांढऱ्या घोडीवर पाहुणे आलेत, नखशिखांत भिजलेत, नाव सांगत नाहीत, सोडू का? नको म्हटलं. खिडकीशी गेले. गेटबाहेर शेवंती. खोगीर रिकामं. अन् रामदास मान वर करून त्या रिकाम्या खोगिराशी बोलत होता.

जावई घरी आल्यावर माझ्यावरच उखडले. तंबूवाला येणार होता, त्याला हाकललंत म्हणे. मग मी रीत चुलीत घातली. "तुमच्या लेकीला न्यायला आलाय तो," म्हटलं, "अन् तुम्ही तंबू कसले धरून बसलाय?" भाग्यश्री रडायला लागली. जावई शांतपणे म्हणाले, आपलं सोमवारचं तिकीट काढतो.

काढ. पोरीला घेऊनच जाईन.

१७ नोव्हेंबर, सकाळ

बाहेरच्या दाराला खुर्ची लावून बसलेय. वही मांडीवर. लिहिलं की धीर राहतो.

नम्रता आली. नऊवारीत. कुणी नेसवली— कपाळाला मुंडावळ्या. त्याच. मी जाळल्या होत्या, माझ्या हातानं—

म्हणते, आजी, वाट सोडा, आपली माणसं खोळंबलीत. माझी पोर मला अहोजाहो करत नाही. ही बोली तिची नाही.

इंटरकॉम. उचलू नका म्हणून ओरडले. उठले तर दार सुटतं. जावयानं उचलला. मेल्या, कोण आलंय ते तरी विचार—

"पाहुणे? हो हो. सोडा वर."

सोडा वर म्हणाला. आपल्या तोंडानं—

लिफ्ट वर येतेय. टापा. लिफ्टमध्ये—

दाराखालून पाणी.

बेल.

खुर्ची सरकतेय. भाग्यश्री, पोरीला धर, कंबरेला धर— तुम्ही काय बघत उभे, जावईबापू, ओढा तिला—

नाही सरकू देणार. ऐक रे. आजी आहे मी हिची. पाय धुतले असतील तुझे, गूळ दिला असेल. पोर नाही दिली. पोर नाही दि—